लख्खमामांचं इंजिन

लख्खमामांचं खरं नाव आता फक्त सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांसाठी ते लख्खमामा.

धंदा काचेचा. काच विकायची नाही, वाहायची. पिकअपच्या मागे त्यांनी एक लाकडी घोडी ठोकून घेतली आहे. तिला काचा तिरप्या टेकवायच्या, मध्ये जुनी ब्लँकेटं सारायची, पट्टे आवळायचे आणि मग अशा बेताने गाडी चालवायची की मागच्याने शिव्या घातल्याच पाहिजेत. शिवी ऐकू आली की मामा हात बाहेर काढून 'जा बाबा पुढे' अशी खूण करतात. त्यांच्या हिशेबी शिवी म्हणजे वेग बरोबर असल्याची पावती.

कोवळ्या वयात ते काचेच्या दुकानात लागले. तिथले मालक प्रत्येक काच उजेडाकडे धरायचे. बोटाचा ठसा दिसला की आवाज न चढवता विचारायचे, "हा कोणाचा?" एवढंच. सगळे नोकर हात पाठीमागे घ्यायचे. मामांनी ते हात अजून पूर्णपणे पुढे आणलेले नाहीत. त्यांना डाग दिसला की पुसावाच लागतो. कोणाचा, कशाचा, कुठून आला, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत. डाग आहे, पुसायचा.

"लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो," मामी सांगतात, "तर यांनी माझा चष्मा मागितला. मला वाटलं, डोळ्यांत बघायचंय. पुसून परत दिला."

"दिसत होतं का तुला त्यातून?" मामा विचारतात.

"पुसल्यावर दिसलं. तेव्हाच उठून जायला हवं होतं."

अशा माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोरी करकरीत पिकअप घेतली. मग काय विचारता! रोज संध्याकाळी गाडीची आंघोळ. नुसती वरून नव्हे. बॉनेट उघडून इंजिनाचे सांधेकोपरे टूथब्रशने. त्या घरात टूथब्रशला फार आयुष्य नसतं. जरा केस वाकडे झाले की मामा त्याची बदली इंजिनावर करतात. मामींचा संशय आहे की काही केस मुद्दाम वाकवले जातात.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि टेकडी आली.

गावाबाहेरच्या टेकडीवर मोठं हॉस्पिटल बांधलं जात होतं. त्याच्या सगळ्या काचा पोचवायचं काम काचेच्या एका मोठ्या दुकानाच्या शेठनी मामांना दिलं. मामांना ते हवंच होतं. लहानसहान खेपा आता दुकानदार आपापल्या गाड्यांतून करायला लागले होते. टेकडी गेली तर मामांकडे फक्त लाकडी घोडी उरणार होती.

पहिल्याच खेपेला निम्म्या चढावर ऑइलचा लाल दिवा पेटला. गाडीचा जोर गेला. करपल्यासारखा वास आला. पिकअप पायी चालणाऱ्यांच्या मागे राहून कशीबशी वर पोचली. दुसऱ्या खेपेला तीही तसदी न घेता वळणावरच बसली. वर काच बसवणारे कारागीर दिवसभर पत्ते खेळले.

शेठनी बोलावून घेतलं.

"मामा, एकही काच फुटली नाही, हे मान्य."

"नाहीच फुटणार."

"पण पोचलीही नाही. आता पुढची खेप मोठी आहे, दर्शनी भागाची. त्यात अडकलात तर काम दुसऱ्याला देईन. वाईट वाटून घेऊ नका."

"आणि वाटलं तर?"

"मग वाटून घ्या. काम दुसऱ्यालाच."

मामा सर्व्हिस सेंटरला गेले. अर्थात, गाडी धुऊनपुसून.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी मावशी असतात. गमबूट, प्लॅस्टिकचा एप्रन, हातात पाण्याचा जोरकस पाईप. आतल्या वर्कशॉपला पांढरी फरशी आहे आणि मालकाचं तिच्यावर प्रेम आहे. त्यामुळे नियम असा की आधी धुलाई, मग तपासणी. खालून, वरून, बॉनेटच्या आतून. चिखलाचा एक ठिपका आत गेला तर बोलणी मावशींना.

मामांची गाडी दिसली की मावशी पाईप खाली ठेवून स्टुलावर बसायच्या.

"जा मामा, थेट आत. तुमची आली की मला जरा पाठ टेकायला मिळते."

आत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. गळ्यात टाय, हातात टॅब, तोंडात 'सर'. पोरगा चांगला होता. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि एका झाकणात चेहरा दिसला म्हणून स्वतःचा भांग नीट केला.

"सर, इंजिन एकदम कोरडं आहे. गळती नाही."

"पण ऑइल कमी होतंय."

"नवीन इंजिन सुरुवातीला थोडं पितं, सर."

"कधी सोडतं?"

"सवयीवर आहे, सर. कॉफी घेणार?"

मामांनी कॉफी घेतली, कप विसळून ठेवला. तोवर गाडी रिकामीच सपाट रस्त्यावर फिरवून आणली होती. ती गुणी बाळासारखी वागली. ऑइल भरून दिलं, कागदावर लिहून दिलं : दोष आढळला नाही. पुढच्या वेळी एक सेन्सर बदलला. त्यापुढच्या वेळी बदलण्यासारखं काही सुचलं नाही, म्हणून आरशाला लिंबाच्या वासाचं एक झाड लटकवलं.

गाडी लिंबाचा वास मारत चढावर पुन्हा बसली. नशीब, त्या दिवशी मागे काचा नव्हत्या, सिमेंटच्या गोण्या होत्या. शेठना कळलं नाही.

मोठी खेप दोन दिवसांवर आली. त्या संध्याकाळी मामांची मुलगी कामावरून आली. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. लोकांच्या दंडाला पट्टा बांधून 'मूठ आवळा' म्हणायचं, हे तिचं काम. त्यामुळे घरातही ती कुणाचं फार ऐकून घेत नाही. अंगणात बाप बॉनेटखाली कमरेपर्यंत गेलेला.

"बाबा, हा माझा ब्रश आहे."

"होता."

"परवा काढलाय मी!"

"केस बघ त्याचे."

"आता बघून काय उपयोग? आणि हे काळं काय पुसतोयस?"

"रोजचंच. चढावरून आलं की त्या पाईपाच्या कोपऱ्यात येतं थोडं."

"काय येतं?"

"ऑइल. दुसरं काय येणार इंजिनात? दूध?"

मुलगी उलट्या बादलीवर बसली.

"बाबा, ऑइल गळतंय हे तुला माहितीये."

"गळतंय कुठे? पुसतो ना मी."

"आणि सर्व्हिस सेंटरला सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय? घरचा केर काय लोकांना नेऊन दाखवायचा?"

ती बादलीसकट पुढे सरकली. मग अगदी लॅबमधल्या आवाजात म्हणाली, "बाबा, आमच्याकडे तपासणीला येणारी माणसं रक्त घरी ठेवून येत नाहीत."

मामांचा ब्रश थांबला.

दारातून मामी म्हणाल्या, "म्हणजे काय, चार लोकांत घाणेरडी गाडी घेऊन जायची? डॉक्टरकडे जाताना आपण नखं कापून जातो."

"आई, नखं काप. ताप उतरवून जाऊ नकोस."

असं ठरलं : दुसऱ्या दिवशी शेठच्या परसातली भंगार काच भरायची, टेकडी चढायची, गाडी बसेल तिथे बसू द्यायची, परत आणायची आणि हात लावायचा नाही. परवा सकाळी तशीच सर्व्हिस सेंटरला. खेप दुपारी.

गाडी ठरल्याप्रमाणे बसली. या एका बाबतीत ती भरवशाची होती. थंड झाल्यावर मामांनी ऑइल ओतलं, उतारावरून घरी आणली. धूळ, चिखल आणि बॉनेटखाली काळा ओघळ. दारात ती तशीच उभी राहिली. मामांनी आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

शेजारीण कुंपणाशी आली. "मामा, घरात सगळं बरंय ना?"

"बरंय."

"नाही, गाडी तशीच दिसली..."

"बरंय म्हटलं ना!"

मामांना थोड्या वेळाने उठावंसं वाटलं. उठले. फडकं जागेवर नव्हतं. दुसरं फडकंही नव्हतं. बादली नव्हती. त्यांनी मामींकडे पाहिलं.

"शोधू नका," मामी म्हणाल्या. "वॉशिंग मशीनमध्ये घातलीत सगळी. आणि शेजारणीला सांगितलंय मी, यांना बरं नाही म्हणून. आता दोन दिवस खोका."

सकाळी मामा फाटकाशी पोचले. अंगात पांढरा शर्ट. गाडी घाण म्हणून निदान माणूस तरी नीट असावा.

मावशी स्टुलावरून उठल्या. "मामा? ही तुमचीच?"

"माझीच."

"घरी कुणाचं काही...?"

"सगळे ठणठणीत आहेत."

मावशींचा चेहरा उजळला. "मग आणा इकडे! इतकी वर्षं या फाटकावर, तुमची एकदा धुवायची राहिलीच होती माझी." त्यांनी पाईप उचलला, बॉनेटची कडी सोडवली.

आणि मामांच्या लक्षात आलं की हा नियम आपण कधी अनुभवलाच नव्हता.

"नको!"

"काय नको?"

"पाणी. पाणी मारायचं नाही."

हे वाक्य आपल्या तोंडून आलं, हे मामांना स्वतःलाच पटेना. मावशींनाही पटलं नाही. त्यांनी नळ सोडला. मामा दोन ढांगांत पुढे झाले आणि अर्धवट उघडलेल्या बॉनेटवर पालथे पडले. बॉनेट दाणकन बंद झालं. पांढरा शर्ट गाडीवरच्या चिखलाला चिकटला. फवारा पाठीवर बसला.

"मामा, उतरा! मला फरशीवरून बोलणी बसतात."

"मला टेकडीवरून बसतात. नळ बंद करा."

"नियम आहे हो!"

"असू दे. मी पण आहे."

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजले. एकजण खिडकीतून ओरडला, "आजोबांना पण धुऊन घ्या म्हणावं, आणि रांग हलवा!" टायवाला पळत आला.

"सर, काय प्रॉब्लेम झाला?"

"ही घाण बघा," मामा बॉनेटवरूनच म्हणाले.

"हो सर, म्हणूनच तर धुतात."

"धुतली की तुम्हाला दिसत नाही."

"पण सर, तुमची गाडी दरवेळी स्वच्छच असते."

"दरवेळी मी पुसून आणतो."

"इंजिनसुद्धा? का?"

मामा खाली उतरले. शर्टाच्या पुढच्या भागाकडे त्यांनी एकदाच बघितलं, परत बघितलं नाही.

"तुमच्याकडे आणायची म्हणून."

मावशींनी नळ बंद केला. टायवाल्याने आतल्या पांढऱ्या फरशीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि टाय खांद्यावर टाकून फाटकातच बॉनेट उघडलं. टॉर्चच्या उजेडात तो काळ्या ओघळावरून बोट फिरवत वर वर गेला. टर्बोकडे जाणाऱ्या ऑइलच्या पाईपाच्या सांध्याशी बोट थांबलं.

"इथून. सपाटीवर थेंब नाही येणार. माल भरून चढावर जोर पडला की इथून फेकतं. सील गेलंय, सर." मग जरा हळू म्हणाला, "आम्ही रिकामी फिरवायचो."

मावशी वाकून बघत म्हणाल्या, "एवढंसंच?"

"वॉरंटीत बसेल," टायवाला म्हणाला. "पण फोटो काढू दे. कुणी काही पुसू नका."

"मी नाही," मामा म्हणाले.

सील बदललं, तो कोपरा साफ केला. टायवाल्याने बजावलं, "सर, आता आठ दिवस आत काही पुसायचं नाही. आलं तर दिसू दे." बाहेर पडताना मावशींनी गाडी धुऊन दिली. दरवाजावर पाण्याचे ओघळ राहिले होते. मामांनी ते पाहिले आणि छान झालीय म्हणून सांगितलं. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं, असं ते नंतर म्हणाले.

दुपारी दर्शनी भागाच्या काचा भरल्या. चढ लागला. मामा स्टिअरिंगला इतके वाकून बसले होते की लाल दिवा पेटला असता तर तो आधी त्यांच्या नाकाला लागला असता. वळण आलं. मागच्याने शिवी घातली. वळण गेलं. गाडी वर पोचली. कारागिरांनी नाइलाजाने पत्ते गोळा केले.

मामांनी शेठना फोन लावला.

"पोचली."

"फुटली काही?"

"नाही."

"मग फोन कशाला केलात? उद्याची खेप सकाळी लवकर भरा."

इंजिन निवल्यावर मामांनी बॉनेट उघडलं. सांध्याभोवती अंगठा फिरवून पाहिला. कोरडा. रस्त्याची धूळ तेवढी लागली. मग ते काच उतरवायला गेले.

कारागिरांच्या मुकादमाने पहिली काच उजेडाकडे धरली. खालच्या कोपऱ्यात धुळीचा ठसा होता.

"हा कोणाचा?"

"माझा," लख्खमामा म्हणाले. त्यांनी खिशातून फडकं काढलं, पण पुसायच्या आधी वाकून ठसा नीट बघून घेतला. धूळच होती. ऑइल नव्हतं.

मग पुसला.