क्रूसाचं बटण

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले तेव्हा नाताळ होऊन गेला होता, तरी ओटीवरचा चांदणीचा कंदील कुणी उतरवला नव्हता. तो उतरवायचं काम पप्पांचं. आणि पप्पांना पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना समजायचं सगळं, पण बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज निघायचा, आणि तो निघाला की स्वतःच ओशाळून मान वळवायचे.

आमच्या घरात संध्याकाळची रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, संपली की लहानांनी हात जोडून मोठ्यांपुढे जायचं आणि आशीर्वाद मागायचा. मोठ्यांनी उजवा हात डोक्यावर ठेवून म्हणायचं, देव तुझं भलं करो. आम्ही घरात आमची बोली बोलतो; तिच्यात हे वाक्य फार गोड लागतं, इथे लिहिलं की फिकं वाटतं. लग्न होऊन मी एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले तरी माहेरी आले की हात जोडायचेच. आता मात्र रोजरी सुरू व्हायच्या आधीच पप्पा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजायचे. कुणी मागूच नये म्हणून.

"तूही मागू नकोस गं," आई म्हणाली. "जिवाला लावून घेतात ते."

पण मला हवा होता. बाळ पोटात आडवं होतं, डॉक्टरीणबाई दर खेपेला भुवया चढवायच्या, आणि मी वरवर कितीही टेचात असले तरी आतून पार घाबरून गेले होते. पप्पांच्या आशीर्वादाशिवाय मला इस्पितळाची पायरी चढायची नव्हती. हट्टी म्हणा, खुळी म्हणा.

गोखिवऱ्याला एका गाळ्यात आमचं लहानसं ऑफिस होतं. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या बनायच्या, वर आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. तिथला एक अडगळीत पडलेला कॉम्प्युटर आमच्या साहेबांनी मला घरी नेऊ दिला. पप्पांसाठी बोलणारं यंत्र करायचं माझ्या डोक्यात होतं. कीबोर्डच्या बटणांवर मी चित्रं चिकटवली: पेला, कप, पंखा, डास. डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबलं की तो शब्द ऐकू यायला हवा. एका बटणावर आईनं स्वतः कागदाचा छोटासा क्रूस कापून चिकटवला. ते आशीर्वादाचं.

आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या घरात राहणारे काका पप्पांचे धाकटे भाऊ, आणि दोघांचा आवाज इतका सारखा की पूर्वी फोनवर आईसुद्धा फसायची.

"म्हणजे दादा माझ्या आवाजात बोलणार?" काका म्हणाले. "मग आता वहिनी माझं ऐकणार म्हणायचं!"

"आधी तुमच्या बायकोला तुमचं ऐकू दे, भावोजी," आई म्हणाली.

माझ्यासमोर माईकवर बोलायला काकांना लाज वाटायची. म्हणून मी त्यांना रेकॉर्ड कसं करायचं ते दाखवलं, म्हणायच्या शब्दांचा कागद दिला आणि दार ओढून घेतलं. आतून बराच वेळ "पाणी... पाणी दे... छे, परत" असं चाललं होतं. मग एका छोट्या प्रोग्रॅमनं मी जेवढे आवाज होते तेवढ्यांची मोड्यूल बनवून घेतली, आणि ती मागवायच्या ओळीही. मोड्यूल म्हणजे प्रोग्रॅमचा सुटा तुकडा. प्रत्येकाच्या पोटात एकेक शब्द.

पण ते यंत्र म्हणजे नुसतं कुथणारं धूड. प्रोग्रॅम सुरू केला की सगळी मोड्यूल एकामागून एक आत घ्यायचं, आणि तोवर पप्पा बोट उगारून बसलेले. पाणी मागायला बसावं आणि तोवर आईनं पाणी आणूनही द्यावं. दोन दिवसांनी त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला.

त्या दिवसांत मी अर्धी झोपेतच असायचे. दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे आणि धड मिटायचेही नाहीत. वाडीतलं बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, खिडकीच्या अगदी खाली होतं. त्याच्या पाण्यावरचं ऊन कौलांच्या आतल्या बाजूला येऊन हलत राहायचं. मी त्याच्याकडे बघत पडायचे. पोटात बाळ हलायचं, वर उजेड हलायचा, आणि मला वाटायचं की मीच पाण्याखाली आहे आणि घरातली माणसं वरून चालताहेत. बाहेर काका केळींना पाणी सोडत असायचे, त्याचा आवाज स्वप्नात येऊन मिसळायचा. स्वप्नात पप्पा बोलायचे, अगदी स्पष्ट. काय बोलायचे ते जाग आल्यावर आठवायचं नाही, आणि मला रडू यायचं.

अशाच एका दुपारी आई माळ्यावर चढली. पाहुणे येणार होते आणि तिला मोठा टोप हवा होता. तिनं तेवढाच टोप काढला, बाकीची लग्नाची भांडी तशीच अंधारात राहू दिली आणि खाली उतरली. पडल्या पडल्या मला वाटलं, मग माझ्याच प्रोग्रॅमनं सगळा माळा का खाली ओतावा? आम्ही लिहायचो त्या स्क्रिप्टिंगच्या भाषेत तशी सोय होती. मोड्यूल मागवायची ओळ सगळ्यात वर न लिहिता आत, बटणाच्या कामापाशी लिहायची. बटण दाबलं तरच ते मोड्यूल आत येणार. नाही दाबलं तर त्याला कुणी उठवणारही नाही.

मी उठून वरच्या ओळी काढल्या आणि शब्दांचा कागद समोर ठेवून प्रत्येक बटणापाशी त्याची ओळ लिहिली. यंत्र झटकन सुरू व्हायला लागलं. साहेबांना फोनवर फुशारकीनं सांगितलं तर ते म्हणाले, "अगं पण अशात एखादं मोड्यूल नसलंच, तर ते ऐन गरजेलाच कळतं हं!" मी हसले. साहेबांना नेहमी नाट लावायची सवय होती.

पप्पा मात्र खुलले. दिवसभर "चहा! पंखा! डास!" चालायचं. आई वैतागल्याचं सोंग करून नाचायची. फक्त क्रूसाच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही, आणि दुसरं कुणी ते दाबून पाहणं शक्यच नव्हतं. आशीर्वाद का कुणी गंमत म्हणून द्यायचा असतो?

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळ काही वळत नाही, उद्या सकाळी दाखल व्हा, ऑपरेशन करू. त्या संध्याकाळी पप्पा रोजरीला निजायला गेले नाहीत. कॉम्प्युटरपाशी आपल्या खुर्चीत बसून राहिले. प्रार्थना संपली. मी पोट सावरत त्यांच्यापुढे गेले, हात जोडले आणि आशीर्वाद मागितला.

पप्पांनी बोट उचललं आणि क्रूसाचं बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: असं मोड्यूल सापडत नाही. पप्पांनी पुन्हा दाबलं. खाली तीच ओळ पुन्हा आली. मी मागे वळून काकांकडे पाहिलं.

काका खाली बघत होते. "ते मी बोललोच नाही," ते हळूच म्हणाले. "कागदावर होतं, पण कसा बोलणार? दादा बसलाय ना घरात. तो असताना या घरात आशीर्वाद मी कसा देऊ?"

पप्पा काकांकडे बघत राहिले, बराच वेळ. मग त्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला. डाव्या हातानं मांडीवर पडलेला आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात जड होता आणि गार. तो घसरू नये म्हणून डावा हात त्याच्यावर दाबून धरला होता. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तो घोगरा आवाज काढला, पुरा एका वाक्याएवढा. या वेळी मान वळवली नाही.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. भीतीनं नव्हे. भीती केव्हाच गेली होती.

सकाळी मुलगी झाली. पुढे ती आजोबांच्या पायांशीच वाढली. ते मोड्यूल मी कधीच बनवलं नाही. काकांना पुन्हा म्हटलंही नाही. पप्पा रोज संध्याकाळी आधी क्रूसाचं बटण दाबायचे, ओळ येऊ द्यायचे, काकांकडे बघून डोळे मिचकावायचे, आणि मग हात उचलायचे. माझ्या लेकीला वाचता येत नव्हतं. तिला कितीतरी दिवस वाटायचं की पडद्यावर उमटते ती ओळ म्हणजेच आशीर्वाद. ओळ आली की ती हात जोडून, डोळे घट्ट मिटून, आजोबांचा हात डोक्यावर यायची वाट बघायची.