मोहाच्या झाडावरचे बिल्ले
आज सकाळी फाटकाजवळच्या कडुलिंबावर एक माणूस पांढऱ्या रंगाने नंबर टाकत होता. कशासाठी, ते धड सांगेना. त्या ओल्या रंगाच्या वासाने मला एकदम धानोऱ्याकडचं जंगल आठवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी.एस्सी.ला होते आणि एका झाडाखाली रोज किती मोहफुलं पडतात हे मोजायला सरांनी आम्हा दोघी मुलींना तिथे नेलं होतं. आयुष्यातलं पहिलं संशोधन! वीस मोहांना आम्ही नंबर रंगवलेले पत्र्याचे बिल्ले बांधले. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाहिलं, तर एकही जागेवर नव्हता. फुलं वेचणारी एक म्हातारी आम्हाला बघून टोपली पदराने झाकत होती. मला संशय आला आणि मी सरळ टोपलीत हात घातला. चिकट फुलांखाली बिल्ले लागले. "चोरले काऊन, बाई?" मी ओरडले. "नंबर पडला का झाड जाते," ती म्हणाली. "ठेकेदाराचे लोक असाच नंबर टाकून गेले, मंग कुऱ्हाडी आल्या." "आम्ही फक्त फुलं मोजून राह्यलो. नंबर झाड ओळखाले." "मले तं तसंच ओळखू येते. तुले येत नाई?" खूप समजावल्यावर तिने एकोणीस बिल्ले परत दिले, पण तिच्या घरच्या वाट्याच्या मोहाचा बिल्ला मुठीतून सोडला नाही. सरांना मी तो हरवल्याचं सांगितलं. आजचा माणूस वळणाआड गेला, आणि मी टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन फाटकाशी आले.