ओल्या बोंबलांआडचा सिग्नल

ये, अशी जवळ बस. आणि आधी कानातली ती बोंडं काढ. आत्या बोलत असली की तुझं निम्मं लक्ष दुसरीकडे, ही लहानपणापासूनची खोड. आता तर बंगळूरला जाऊन बसलीस, म्हणजे रागवायचं तेही कागदावरच.

त्या पावसाळ्यात तू कॉलेजच्या कामासाठी माझ्याकडे उत्तनला राहिली होतीस. आमच्या ओट्याजवळच्या खांबावर एक डबी लावायची. तिथून किनाऱ्यावरच्या बर्फखोलीपर्यंत सिग्नल कसा पोचेल, एकदम खूप फोन लागले तर कुठे अडेल, हे कॉम्प्युटरवर मांडून आधीच सांगायचं, असं तुझं काम. म्हणजे होड्या कधी लागतायत ते बायकांना तिथे वेळेत कळेल. मी म्हटलं, "अगं, सरळ लावून बघ की!" तर म्हणालीस, "आत्या, लावून बघायला खर्च येतो. गणिताला फक्त चहा लागतो."

चहा मी पाजला. फोन हातात धरून वाळवणाच्या मोकळ्या जागेतून चाललेही मीच. तू मागून ओरडायचीस, "बोलू नकोस, नुसती चाल!" मला असं सांगणारी तू पहिलीच. सिग्नल सरळ येतो तसा भिंतीवर, पाण्यावर आपटूनही येतो. कधी दोन्ही मिळून जोर धरतात, कधी एकमेकांना पुसून टाकतात, हेही तूच समजावलंस. माझी शाळा लवकर सुटली, पण हे मला कळलं हो. तुझ्या गणिताची रेघ आणि माझ्या चालण्याची रेघ स्क्रीनवर एकमेकींवर बसली, तेव्हा मला धरून नाचली होतीस.

डबी लागली, बर्फखोलीत फोन लागू लागला, तू कॉलेजला परतलीस. मग हंगाम लागला. मधल्या वाळवणातल्या, पावसात रिकाम्या राहिलेल्या बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या ओल्या बोंबलांनी भरल्या, जबड्यात जबडा अडकवून, वरपासून खालपर्यंत. आणि बर्फखोलीतला फोन मुका झाला. बोंबील सुकले की लागायचा, नवे ओले टांगले की गेला. आपण मोजलं होतं ते रिकाम्या बांबूंमधून. मी कळवलं, तर तुझा आवाज रडवेला. "पाणी सिग्नल पिऊन टाकतं गं. हे मी धरलंच नव्हतं. येते मी, पुन्हा मोजू."

फोन स्पीकरवर होता. तेवढ्यात शेजारची वहिनी वाकून म्हणाली, "काय गो बाय, तुजा गणित बोंबलांनी खाल्ला काय?" ओट्यावर सगळ्या हसल्या. आणि फोन बंद झाला.

सिग्नल गेला, की तू ठेवलास? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पुढे तुला नोकरी लागली. आता फोन करतेस, पण "बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना" एवढंच. "पुन्हा मोजू" हे काही परत तुझ्या तोंडी आलं नाही. डबी खांबावर तशीच गंजतेय. ओट्यावर बसलं की नजर तिच्याकडे जाते, आणि जीव हळहळतो. तुझं चुकलं म्हणून नाही गं. चुकलं ते एका हंगामापुरतं, सुधारलं असतं. पण एवढ्या हौसेचं काम तू एका हसण्यापायी टाकलंस, आणि त्याबरोबर माझ्याकडे येणंही. वहिनीच परवा विचारत होती, "ती पोर आता येवाची न्हाय काय?" तिच्या मनात तेव्हाही काही नव्हतं.

दिवाळी सरली की वलांड्या पुन्हा भरतील. बोंबील ओले असतानाच ये, सुकायची वाट बघू नकोस. फोन धरून मी चालेन, आणि या वेळी तोंडातून शब्द काढणार नाही. लवकर ये गं.