विकण्यापुरती डागडुजी

काकूंच्या यजमानांना सगळी गल्ली साहेब म्हणे. निवृत्त होईपर्यंत ते एका मोठ्या कारखान्यात देखभाल विभागाचे प्रमुख होते. तिथे साधा पाइप ठिबकला तरी साहेबांना चैन पडत नसे, असं त्यांच्या निरोप समारंभात प्रत्येक वक्त्याने सांगितलं. पहिल्या रांगेत बसून काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ तेव्हाही ठिबकत होता, आणि त्या तालावर साहेब रोज छान घोरत असत.

घरच्या दुरुस्तीचा विषय निघाला की साहेबांचं उत्तर ठरलेलं असे. "काय अडलंय?" मागचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही? मग लाव खांदा, काय अडलंय? दर पानगळीत अंगणातल्या झाडाची पानं छताच्या पन्हळीत अडकत, पाणी भिंतीत मुरे आणि रंगाचे पोपडे भाजीत पडत. "पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणत आणि पोपडा ताटाबाहेर काढून जेवत.

काकूंचं स्वतःचं असं मागणं एकच होतं. त्या घरी शिवणकाम करत. मशीन स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि सगळा उजेड भिंतीपलीकडे. त्या भिंतीत एक खिडकी पाडून द्या, एवढंच त्या लग्नापासून सांगत आल्या होत्या. काळ्या कापडाला काळा दोरा घालताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. दरवेळी ते डोळ्यांच्या ताणानेच येई असं नाही.

यंदा साहेबांनी घर विकायचं ठरवलं. मुलाच्या शहरात फ्लॅट घ्यायचा, तिथे म्हणे सगळी देखभाल सोसायटीच बघते. म्हणजे घरात जे त्यांनी कधीच केलं नाही, ते न करण्याची आता रीतसर सोय होणार होती. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे सही काकूंचीही लागणार होती. त्यांनी लगेच होकार दिला. ओल आलेल्या भिंतींत जीव गुंतावा असं काही उरलंही नव्हतं.

एजंट आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. सगळं घर फिरून तो स्वयंपाकघरात थांबला. "साहेब, थंडी पडायच्या आत विकायचं तर घर जरा नटवावं लागेल. आणि इथे एक खिडकी पाडून घ्या. उजेड असला की गिऱ्हाईक भुलतं."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" साहेब म्हणाले.

काकूंनी हातातला कप जरा जोरातच बशीवर ठेवला.

मग काय विचारता! साहेबांच्या अंगात कारखाना संचारला. गवंडी आला, सुतार आला, रंगारी आला. नळाचा वॉशर बदलायला प्लंबरला चहा निवेपर्यंतचा वेळही लागला नाही. मागचं दार सुताराने इतकं हलकं केलं, की काकू सवयीने खांदा लावून थेट अंगणात जाऊन आदळल्या. त्याच अंगणात साहेब रोज सकाळी वाळलेली पानं झाडत होते. त्यांच्या हातात झाडू पाहून शेजारीण तब्येतीची चौकशी करून गेली. आणि खिडकी झाली. रुंद, दोन दारांची, खालच्या कट्ट्याला फरशी लावलेली, काकूंच्या मनात होती तश्शी.

"अहो, हे सगळं आपल्यासाठी का नाही केलंत कधी?" काकूंनी विचारलं.

"आपण कुठे हे घर विकत घेणार होतो?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

घर झालं, पण वापरायची बंदी. भिंतींना हात लावायचा नाही, नव्या ओट्यावर तळण करायचं नाही. एजंटच्या हुकमाने शिलाई मशीनही परसातल्या शेडमध्ये गेलं. जुनं सामान दिसलं की भाव पडतो म्हणे. काकूंनी साहेबांकडे एकदा नीट पाहिलं. पण त्यांना काही कोणी शेडमध्ये ठेवलं नाही.

पाहायला आलेलं जोडपं तरुण होतं. नवरा बाहेर साहेबांशी बोलत राहिला, बायको थेट खिडकीपाशी गेली. सकाळचं ऊन फरशीवर पसरलं होतं.

"किती छान! काकू, तुम्ही इथेच शिवत बसत असाल ना?"

काकूंना रडूही आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. "नाही गं. ही तुमच्यासाठी केलीय."

"मग इतकं सुंदर घर सोडून जाताय कशाला?"

काकूंनी खिडकीला बोट लावलं. ती आवाज न करता उघडली. ओल नव्हती, ठिबक नव्हती. घर सोडायला त्यांच्याकडे जी जी कारणं होती, ती साहेबांनी एकेक करून दुरुस्त करून टाकली होती.

"अगं ए, ये लवकर!" बाहेरून साहेबांची हाक आली. "ठरलं आमचं. सही कर."

काकू बाहेर आल्या. एजंटने पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"आत्ता नको."

"मग कधी?" साहेब गोंधळले.

"पुढच्या वर्षी बघू. काय अडलंय?"

एजंट बुटांकडे पाहू लागला. त्या वाक्यावर काय बोलायचं असतं, हे साहेबांना कुठून माहीत असणार? ते ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. काकूंनी त्या जोडप्याची हात जोडून माफी मागितली, अगदी मनापासून. तरुण बाईला हसू आवरेना, नवऱ्याला ते का हे कळेना.

मंडळी गेल्यावर काकू शेडमध्ये गेल्या. "अहो, जड आहे. एका बाजूने धरा."

साहेबांनी दुसरी बाजू धरली. मशीन खिडकीखाली आलं. काकूंनी बाजूला पडलेलं काळं कापड उचललं, सुईपाशी काळा दोरा नेला, आणि तो पहिल्याच खेपेला ओवला गेला.