विळीवर बसलेली आई

दादाने मुलुंडला फ्लॅट घेतला तेव्हा हॉलसाठी आईचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. त्याला ती खुर्चीत हवी होती, शालू नेसून, हातात पाटल्या. मी तिला खिडकीशी विळीवर बसवलं, रोजच्या सुती साडीत, बोंबील साफ करताना. विक्रोळीच्या चाळीत तिने कारखान्यातल्या माणसांचे डबे केले, म्हणून आम्ही दोघं शिकलो. मग लपवायचं काय?

ही हिंमत मला जुन्या डच चित्रांनी दिली. दूध ओतणारी, भांडी घासणारी बाई त्या चित्रकारांनी खिडकीच्या उजेडात एखाद्या सरदारासारखी निगुतीने रंगवली. त्यातल्या कित्येक चित्रांत मोलकरणींची टिंगलही असते: आळशी, डुलक्या काढणाऱ्या, मालकाला हसू यावं म्हणून. ती टिंगल मला नको होती. मी फक्त रीत घेतली. आधी तपकिरी अस्तर, त्यावर राखाडीत अख्खं चित्र, ते खडखडीत वाळलं की तेलात पातळ केलेल्या रंगाचे एकेक थर. आईच्या बोटांवरचे विळीचे व्रण मी राखाडीतच पक्के केले. पात्यावर पांढऱ्याचा एक ठिपका दिला. तोही वाळू दिला.

दादा बघून वैतागला. "अगं, ही कामवाली वाटते! वास्तुशांतीला लोक येणार. निदान पाटल्या तरी घाल ना."

मी तावातावाने भांडले आणि शेवटी नमले. त्या नमण्याची लाज मला अजून वाटते. मनगटांवर मी पिवळ्याचे झकास पट्टे ओढले.

तेवढ्यात आई आली. चित्राजवळ जाऊन तिने ते निरखलं.

"बोंबील साफ करताना पाटल्यो कोण घालता रे?" तिने दादाला विचारलं. "माझ्या हातांची तुका लाज वाटता?"

तिने माझी टर्पेंटाइनची चिंधी उचलली आणि ओटा पुसावा तशी चित्रातली मनगटं पुसली. ओलं सोनं सगळं चिंधीला लागलं. खालचे वाळलेले हात जसेच्या तसे होते, व्रणांसकट. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

वास्तुशांतीला चित्र हॉलमध्येच होतं, थेट दारासमोर. एका पाहुण्याने विचारलं, "ही कोण?"

दादा उत्तर देणार तोच आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी. आज गोडाचा जेवण आसा. उद्या येवा, बोंबील करतंय."