तांब्याचा गडू आणि मास्तरांचे हात

मास्तरांचे सात सोनमासे मी मारले. मुद्दाम नाही, पण मारले मीच, आणि दोन वर्षं गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मास्तरांच्या गमती सांगता सांगता ते कुठेतरी दडपून टाकायचा मोह मला होईल. मी स्वतःला ओळखतो.

मास्तर आमच्या चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर होते आणि मी तिथला क्लार्क. साखर पेठेत त्यांच्या घराला लागूनच माझी भाड्याची खोली होती. माझं गाव मोहोळ, म्हणून ते मला मोहोळकर म्हणत. माझं आडनाव निराळं आहे, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. त्या आठवड्यात कोणत्या रंगाच्या चादरी निघाल्या, हे पेठेतला न्हावी त्यांच्या हातांकडे बघून सांगे.

त्यांच्या ओसरीवर काचेची मोठी टाकी होती. मासे त्यांनी पुण्याहून दुधाच्या किटलीत घालून पॅसेंजरने आणले होते. दर स्टेशनला झाकण उघडून ‘हायत, हायत’ म्हणत. टाकीच्या तळाला मात्र काहीच नव्हतं. वाळू नाही, शंख नाहीत, खेळण्यातला बंगला नाही. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून वाकत आणि आरपार बघत.

“तळ दिसला पायजे. रंगाच्या हौदात तळाला काय बसलंय ते दिसत न्हाय, म्हनून चादर डागते. हितं तसं चालनार न्हाय.”

मग झाडं कुठे लावायची? तर सुगडांत. संक्रांत झाली की पेठेतल्या बायकांकडून ते रिकामी सुगडं मागून आणत. हळदीकुंकू घासून काढत, आठवडाभर पाण्यात भिजवत. कुणी हौसेने रंगवलेलं सुगड दिलं की हात जोडून परत करत. “रंग काय करतो ते मला विचारा की, बाई.” माती तलावाकाठची, बिनखताची. वर नदीतले उकळलेले खडे, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. त्या खड्यांवरही आधी लिंबू पिळायचं; फेस आला की खडा चुन्याचा म्हणून बाद. रोप लाल औषधाच्या पाण्यात बुडवून धुवायचं आणि मुळं कोऱ्या सुताने बांधायची. एवढ्या सोवळ्यात आमच्या मोहोळला सत्यनारायणही होत नसे.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती आणि नळ एक दिवसाआड येई. मास्तरांच्या बायकोला सगळी पेठ अक्का म्हणायची. रांगेतून घागर आणता आणता त्या मला म्हणत, “तुमच्या मास्तरला सांगा, मला पन एका काचेत ठिवा म्हनावं. तवा तरी माझ्या वाट्याचं पानी कोन भरून आनंल.”

एकदा वरंगळला नात्यातलं लग्न निघालं. दोघं चार दिवस जाणार होती. किल्ली माझ्याकडे देताना मास्तर म्हणाले, “चिमूटभर खाऊ घाल. बाकी काय घालू नको, काय काढू नको. नुसतं बघ.”

नुसतं बघणं मला आयुष्यात जमलेलं नाही. एवढ्या सुंदर टाकीत ती काळपट सुगडं मला दरिद्री वाटली. माझ्याकडे आईने दिलेला तांब्याचा गडू होता. तांब्यातलं पाणी शुद्ध, म्हणून आई रोज पहाटे त्यातलंच पाणी पीत असे. मी मनात म्हटलं, माशांनाही गुण येईल. चिंचेने गडू लखलखीत घासला, परसातली शेणखताची माती भरली, एक रोप खोचलं आणि मधोमध ठेवून दिला. मास्तर आल्यावर काय म्हणतील, याचा विचार करून मी एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. भूक लागली असेल म्हणून मी जास्त खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सातही उलटे तरंगत होते.

गडू काढून मी ट्रंकेत लपवला. माती परसात टाकली, पाणी बदललं. मास्तर आल्यावर म्हणालो, “कळलंच नाही हो. ऊन फार होतं.”

ते वाकून बराच वेळ बघत राहिले. “तळ तर साफ हाय,” म्हणाले. मग त्यांनी स्वतःचे हात पुढे धरले. “जायच्या दिवशी घाईत मी सुगड सरकावलं. डिपार्टमेंटातनं तसाच आलोवतो. हातच धुतले नव्हते.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “असेल.”

पुढे नवे मासे आले, पण मास्तरांनी टाकीत हात घातला नाही. “तुझे हात स्वच्छ हायत, मोहोळकर. तू घाल.” दोन वर्षं मी सुगडं उचलून धूत होतो आणि ते शाळेतल्या पोरासारखे हात पाठीमागे बांधून हुकूम सोडत होते. “डावीकडं. तुझं डावीकडं न्हवं, माझं.” अक्का म्हणत, “बगा, घरात मुकादम झाला माझा नवरा.” सगळे हसत. मीही हसे, पण मान वर न करता सुगड धूत राही.

मग त्यांची मुलगी माहेरी बाळंत झाली. बारशाला नात हातोहात फिरत मास्तरांपाशी आली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही हातांना गुंडाळला आणि मगच हात पुढे केले. मुलगी म्हणाली, “नाना, असं काय करताव?”

“सात जीव गेलेत या हातानं,” ते म्हणाले.

बायकांना थट्टा वाटली. मी उठलो, खोलीत जाऊन गडू आणला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात ठेवला. काय केलं ते सांगितलं. पाळण्याजवळचं गाणं थांबलं.

मास्तरांनी गडूकडे पाहिलं. “तांबं. माशाला तांबं म्हंजे इख. किती दिवस होता आत?”

“दोन. तिसऱ्या दिवशी काढला.”

“माती?”

“परसातली. शेणखताची.”

“वर खडे?”

“नव्हते.”

“रोप धुतलंवतंस?”

“नाही.”

डागलेली चादर बघावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. “म्हंजे एकपन गोष्ट धड केली न्हाईस.”

मग त्यांनी सावकाश टॉवेल सोडला. निळ्या नखांची बोटं एकदा उघडली, मिटली आणि मुलीपुढे केली. तिने बाळ त्यांच्या उघड्या हातांत ठेवलं. ते मान खाली घालून नातीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“मास्तर, तुमचे हात चांगले होते. मला माहीत होतं, आणि मी दोन वर्षं सांगितलं नाही. मला माफ करा.”