दार एकच

पावसची एसटी सुटतच होती, तेवढ्यात आमच्या शुश्रूषा केंद्रातून फोन आला... "रंजनाताई पहाटे गेल्या." त्याला दीड महिना झाला. आज तिच्याबद्दल लिहायला बसले, तर रडू यायच्या आधी हसूच येतंय. तिला चालेल ते. रडक्या माणसांचा तिला भारी राग!

रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्सिंग असिस्टंट होतो. कोर्स केलेला, पण हाक मात्र "ए मावशी". बसलं की ओरडा, पेशंटशी दोन शब्द बोललं की ओरडा. ये-जा मागच्या दारानं. तिथूनच कचरा जायचा, गेलेल्या माणसालाही तिथूनच न्यायचे. "कचरा, मुडदा नि आपुन," ताई म्हणायची, "तिघांची वाट एकच गो!" तरी मी चिकटून होते. नवऱ्याचं मुंबईतलं काम आज आहे तर उद्या नाही, मुलींचं शिक्षण माझ्यावर. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, या धास्तीनं माझं तोंडच उघडत नसे.

एकदा धाकटीला ताप आला म्हणून मी रजा मागितली. इनचार्जबाई भर वॉर्डात कडाडल्या, "नाटकं नकोत. नाहीतर कायमची घरी बस." मी मान खाली घातली. ताई एका आजींची कूस बदलत होती. तिनं ते काम पुरं केलं, पांघरूण नीट केलं, मग अ‍ॅप्रन काढून टेबलावर ठेवला. "बसतो आम्ही घरी. चल गो सुनंदा."

"अगो, पण नोकरी..."

"पावसला दोघींचं बोलून ठेवलंय मी. सोमवारपासून जायचं. चल मेले, पाय उचल!"

आणि निघाली ती थेट पुढच्या दारानं! बाकांवरचे पेशंट बघतायत, वॉचमन आ वासून उभा, आणि तिच्यामागून मी... बाहेर उन्हात आल्यावर ती अशी खदखदून हसली की मलाही आवरेना. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एवढी खूश नव्हते.

सोमवारी आम्ही पावसला वृद्धांच्या त्या शुश्रूषा केंद्रात पोचलो. आंब्याच्या बागेतली बैठी इमारत. आणि सवय बघा, ही एवढी वाघीण, पण आधी मागचं दार शोधायला निघाली! तिच्यामागून मी. एक वळसा घातला, दार नाही. दुसऱ्या वळशाला डॉक्टरबाई पडवीत आल्या. "काही हरवलंय का?"

"नाय हो... कामवाल्यांचं दार सापडत नाय."

"दार एकच आहे, रंजनाताई. या ना, चहा झालाय."

नाव घेऊन! वर 'या'! ताईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून ती दारातूनच आरोळी द्यायची, "आले गो बायांनो!" आणि खाटांवरच्या आज्या एका सुरात, "ये गो!" इथे बोलणं हेच अर्धं काम होतं आणि ताई त्यात पटाईत.

शेवटच्या आजारात ती तिथेच, त्याच आज्यांमध्ये राहिली. फोन आला त्या सकाळी मी पोचले तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या होत्या. ज्यांना बसता येत होतं त्या सगळ्या आज्या उठून बसल्या होत्या. ताईला आम्ही पुढच्या दारानं नेलं.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी माझे पाय अडले. आत सगळं चिडीचूप. मी आवाज काढला, "आले गो बायांनो!"

आतून, एका सुरात, "ये गो!"